फुटतीन, बाई

शेडमध्ये आले की नाना आधी वाकून वाफ्यातलं एक गांडूळ उचलायचे, तळहातावर ठेवायचे आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांची कात्री करून त्याच्या मधोमध धरायचे. कापायचे नाहीत, नुसती कात्री दाखवायचे. मग माझ्याकडे बघून म्हणायचे, "कापा ना बाई. एकना दोन व्हतीन."

चोपड्याच्या अलीकडे आमचं गाव. शाळेत विज्ञान शिकवण्यात माझा जन्म गेला आणि निवृत्त झाल्यावर मी घरच्या शेताच्या कडेला गांडूळखताचं शेड टाकलं. शेडच्या पलीकडे नानांची केळीची बाग, मध्ये फक्त बांध. आता ना नाना आहेत, ना ती बाग सलग राहिली आहे. पण तेव्हा रोज चहाच्या सुमाराला ते बांध ओलांडून यायचे. असा एक शेजारी तुमच्याही नशिबी आला असेल. मदत करायला म्हणून येतो आणि आपल्या कामाचा पार खोळंबा करून जातो.

मी त्यांना किती वेळा समजावलं असेल त्याला गणती नाही. नाना, गांडुळाच्या अंगावर तो जाडसर फिकट पट्टा दिसतो ना, त्याच्या जवळच्या टोकाला तोंड असतं. पट्ट्याच्या बरंच मागे कापलं गेलं, तर तोंडाकडच्या तुकड्याला कधीकधी नवी शेपटी येते. शेपटीकडच्या तुकड्याला तोंडच नाही, तो खाणार काय? थोडा वेळ वळवळतो आणि मरतो. एकाची दोन होत नाहीत. पाण्यातले काही चपटे किडे असे असतात की कापले तर दोन्हीकडून पुरे वाढतात, पण ते वेगळे.

नाना हे सगळं मान हलवत ऐकून घ्यायचे आणि त्यातलं फक्त शेवटचं वाक्य घरी न्यायचे. दुसऱ्या दिवशी पारावर सांगायचे की बाई स्वतः म्हणाल्या, कापलं तर दोन्हीकडून वाढतं. माझं वाक्यसुद्धा त्यांनी असं मधून कापलेलं असायचं. माझा जीव नुसता जळायचा.

यात त्यांची बाजूही सांगायला हवी. या माणसाने आयुष्यभर केळी लावली. केळीचं बी नसतं. जुनं झाड काढायचं, जमिनीतला कंद खणायचा, प्रत्येक तुकड्यावर एक डोळा राहील असा तो कापायचा, शेणकाल्यात बुडवायचा आणि लावायचा. एका कंदाच्या दोन बागा झालेल्या त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या होत्या. "केळना कंद कापस ना मी? डोया फुटतसच," ते म्हणायचे. "तुमनं गांडूळ काय केळपेक्षा मोठं शे का?" मग शहरातल्या कंपनीच्या टिश्यू कल्चरच्या रोपांचा विषय काढायचे. इवल्याशा तुकड्यातून शेकडो झाडं करतात, ते तर तुमच्यासारखे शिकलेलेच लोक ना. मी चहाचं आधण ठेवायची.

हा हट्ट नुसता गांडुळाचा नव्हता, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच वर्षी त्यांच्या घरात वाटणीचं निघालं होतं. थोरला सुरतेला नोकरीला, धाकटा इथे बागेत. थोरल्याला त्याचा हिस्सा वेगळा हवा होता. नाना महिनोन्‌महिने चालढकल करत होते. बाग कापली तर दोन्ही तुकडे जगतील की नाही, घर कापलं तर काय होईल, एवढंच त्यांच्या डोक्यात घोळत होतं. आणि ते उत्तर शोधायला तलाठ्याकडे किंवा वकिलाकडे जायचं सोडून हा माणूस माझ्या गांडुळांकडे येत होता.

एकदा तर कुदळीने तुटलेलं गांडूळ केळीच्या पानावर घालून मिरवत आणलं. दोन्ही तुकडे वळवळत होते. "दखा, दोन्हीमा जीव शे." मी म्हटलं, नाना, वळवळणं म्हणजे जगणं नव्हे, संध्याकाळी या. संध्याकाळी ते आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी आले ते नवीन पान घेऊन.

मग तो प्रकार झाला. पारोळ्याकडच्या एका बचतगटाला नवीन वाफे भरायचे होते, त्यासाठी त्यांनी माझ्याकडे गांडुळं मागितली होती. माझ्याकडे तितकी नव्हती. मी हे नानांसमोर बोलले, तिथेच चुकलं. भाचीच्या लग्नाला मी धुळ्याला गेले आणि शेडची किल्ली सवयीने त्यांच्याकडे दिली.

परत आले तर शेडच्या बाहेरूनच वास आला. सगळ्यात चांगला वाफा ओल्या गोणपाटांनी नीट झाकलेला, त्यावर शेणकाला शिंपडलेला. गोणपाट उचललं तर खाली नुसते तुकडे. या माणसाने धारदार विळा घेऊन, बसून, गांडुळं कापली होती. अंदाजे मधोमध. कंद कापतात तशी, हलक्या हाताने, आणि कापल्यावर कंदाचे करतात तेच सगळे सोपस्कार करून पुन्हा पेरली होती. आणि शेजारी पाटावर स्वतः राखण बसले होते. मला बघून चेहरा असा खुलला, जणू मी बारसं बघायला आले आहे.

"बचतगटना सर्व्या बायास्ले पुरतीन," ते म्हणाले. "जरासा दम धरा. फुटतीन, बाई."

मी त्यांना जे बोलले ते इथे लिहीत नाही. शाळेत सगळ्यात वांड पोरांनाही मी तसं बोलले नव्हते. त्यांना शेडमध्ये पाऊल टाकू नका म्हणून बजावलं. ते उठले, पण घरी गेले नाहीत. बांधावर जाऊन बसले आणि तिथून वाफ्याकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्याही. शेवटी मलाच लाज वाटून मी त्यांना आत बोलावलं. त्यांनी माती हाताने उकरून पाहिली. कापलेलं सगळं काळं पडून मातीत मिसळत होतं. एखाददुसरं जिवंत तेवढं कोपऱ्यात सापडलं.

"बठ्ठा मरी ग्यात?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. ते बराच वेळ माती चाळत बसले आणि मग, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, विद्यार्थ्यासारखं विचारलं, "बाई, डोकं कोनती बाजूले ऱ्हास, ते वयखानं कसं?"

मी पुन्हा तो पट्टा दाखवला. त्यांनी नीट पाहून घेतला.

त्यानंतर वाटणी फार दिवस टळली नाही. पंचांना बोलावलं, बांध घातला. विहीर धाकट्याच्या बाजूला राहिली. थोरल्याने पाण्याची पाळी मागितली नाही, तुकडा बटाईने दुसऱ्याला कसायला दिला, आणि पुढच्या उन्हाळ्यात तिकडची केळी उभ्या उभ्या करपली. पण ते नंतरचं. त्याआधी पंचांनी आणखी एक वाटणी केली, आपल्याकडे करतात तशी. एकट्यावर दोघांचा भार नको म्हणून म्हातारा थोरल्याकडे आणि म्हातारी धाकट्याकडे. सगळ्यांना हे न्यायाचंच वाटलं. मला इतका संताप आला की मी तिथून उठून आले. नाना मात्र पिशवी भरून तयार झाले. थोरल्याच्या गाडीत बसले आणि सुरतेला गेले. अक्का, म्हणजे त्यांची बायको, इथे राहिली.

तिथून त्यांचे फोन यायचे, ऐन कामाच्या वेळी. मी खताच्या गोण्या मोजून देत असायची, हात चिखलाने भरलेले. आणि हे दर वेळी तेच विचारायचे, "त्या वाफामा काही फुटनं का?" अहो, तो वाफा मी केव्हाच उपसून पुन्हा भरला होता. त्यात बोदवडहून आणलेली नवी गांडुळं होती. नाना, मेलेलं फुटत नसतं, किती वेळा सांगू, मी वैतागून म्हणायची. ते बरं म्हणायचे आणि चार दिवसांनी पुन्हा फोन. फोन असायचा तो अक्काशी बोलायला, हे मला कळत होतं. तिच्याकडे फोन नव्हता, धाकट्याचा मागायला दोघांनाही संकोच वाटायचा. पण सरळ अक्काला द्या म्हणतील तर ते नाना कसले. आधी गांडुळं, मग अक्का.

अक्काही रोज त्याच वेळी काहीतरी निमित्त काढून यायला लागली. कधी शेण घेऊन, कधी रिकाम्या हाताने. गोणीवर बसून राहायची. एकदा आपणहून म्हणाली, "तठे त्यास्ले करमत नही, बाई. जेवन जात नही." एवढंच. मग उठून वाफ्यावर पाणी शिंपडायला लागली.

त्यांचा शेवटचा फोन आला तेव्हाही ती तिथेच होती. आवाज खोल गेलेला, मध्ये मध्ये खोकला. तरी प्रश्न तोच. त्या वाफामा काही फुटनं का? मी नेहमीचं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि अक्काकडे लक्ष गेलं. पाण्याची झारी तशीच तिरकी धरून ती ऐकत होती, पाणी एकाच जागी सांडत होतं.

"हो नाना," मी म्हटलं. "फुटलं."

"दोन्ही बाजू?"

"दोन्ही."

त्यांनी श्वास सोडलेला मला ऐकू आला. मग पूर्वी बांधावरून बोलायचे तसं, हळूच म्हणाले, "मंग आते तेस्ले कापू नका, बाई."