टाकेबाई आणि चार दिवसांचा पाहुणा

टाकेबाई कमी बोलायच्या. बोलणार कशा? अर्धा दिवस ओठांत टाचण्या धरलेल्या. गल्लीतल्या निम्म्या लोकांच्या अंगावर त्यांचेच टाके, म्हणून हे नाव पडलं. उसवलेलं दिसलं की त्यांचे हात शिवशिवायचे. एकदा पोस्टमन पत्र देऊन वळला, तर त्याला दारातच उभं करून खांद्याची शिवण घातली, सदरा उतरवूसुद्धा दिला नाही. "हलू नका, टोचेल," एवढंच म्हणाल्या.

वीस वर्षं दुसऱ्याच्या दुकानात मान मोडून शिवल्यावर त्यांनी घरातली मागची खोली रिकामी केली. मशीन आणलं, माणूस आडवा झोपेल एवढं कापायचं टेबल करून घेतलं. आणि पहिलंच मोठं काम आलं ते दवाखान्यातल्या परिचारिकांच्या चाळीस कोटांचं. मुदत दोन महिन्यांची. नीट झाले तर वर्षभराचं काम त्यांच्याकडे. नाही तर पुन्हा त्याच दुकानात, त्याच स्टुलावर.

नेमका तेव्हाच नवऱ्याचा मावसभाऊ दात दाखवायला आला. "चारच दिवस हं, वहिनी," म्हणाला. दात दोन दिवसांत बरा झाला, माणूस मात्र सात आठवडे हलला नाही. मागच्या खोलीत त्याची गादी पडली आणि टेबल भिंतीला उभं राहिलं, शिक्षा झाल्यासारखं. टाकेबाई स्वयंपाकघराच्या फरशीवर गुडघे टेकून कापड कापू लागल्या. ओट्याखाली पाय, दाराबाहेर कात्री. तिथंच एक बाही उलटी कापली गेली. वीस वर्षांत पहिल्यांदा. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

नवऱ्याला विचारलं तर तो म्हणे, "मी कसा बोलू? लहानपणी एका पांघरुणात झोपलोय आम्ही."

"मग आता तुम्ही जा त्याच्या पांघरुणात, मला टेबल आडवं करू द्या," टाकेबाई म्हणाल्या. पण हळू. पाहुण्याला ऐकू जायला नको ना!

लेक कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होती. तिचा राग बोटांतून बाहेर पडला. तिनं एक खेळ बनवला. चित्रं नाहीत, आवाज नाही, नुसते शब्द. पडद्यावर यायचं, 'तुम्ही घरात आहात. सोफ्यावर पाहुणा आहे. काय कराल?' आपण टाइप करायचं, खेळ उत्तर देणार. पाहुणा बाहेर पडला की आपण जिंकलो.

तिची एकच चूक झाली. मंगळवारी दुपारी कॉम्प्युटर उघडा ठेवून ती अंघोळीला गेली. बाहेर येऊन बघते तर पाहुणे काका पडद्यासमोर मांडी घालून बसलेले.

"अगं, झकास केलायस! पण हा पाहुणा भारी चिवट आहे बघ."

टाकेबाई दारात बसून कोटांची काजं करत होत्या, त्यांची सुई थांबली. काकांना मात्र काही म्हणजे काही कळलेलं नव्हतं. ते मोठ्यानं वाचत होते आणि एकेका बोटानं टाइप करत होते.

"'पंखा बंद कर.' हे बघ काय म्हणतो, 'पाहुण्यानं खिडकी उघडली. म्हणाला, इथला वारा छान आहे.' निर्लज्ज! 'चहात मीठ घाल.' तर म्हणे, 'पाहुणा म्हणाला, चव वेगळी आहे, अजून अर्धा कप द्या.' आता काय करावं याला?"

"बॅग दारात ठेवून बघा," टाकेबाई टाचण्यांच्या फटीतून म्हणाल्या.

"ठेवली, वहिनी. 'पाहुण्यानं बॅगेतून टॉवेल काढला. म्हणाला, बरं झालं, हाच शोधत होतो.'" काकांनी कपाळावर हात मारला. "याला समजत कसं नाही? मी असतो तर दुसऱ्या दिवशी निघालो असतो!"

लेक तोंडात ओढणी कोंबून भिंतीकडे वळली.

तासभर काका लढले. पाहुण्याला भूत दाखवलं, ढेकूण सोडले, घराला रंग द्यायला काढला. पाहुण्यानं ब्रश हातात घेऊन एक भिंत रंगवली आणि जेवायला बसला. शेवटी काका चिडले. "जाऊ दे, सरळच लिहितो. 'त्याला सांग, आता घरी जा.'" बटण दाबलं. पडद्यावर आलं, 'हे मला समजत नाही.'

"हे काय गं? इतकी साधी गोष्ट घातली नाहीस?"

लेक चाचरली. "काका, असं... असं कुणी बोलतं का घरात?"

चिडवायला म्हणून केलेल्या खेळात भूतसुद्धा होतं, ढेकूण होते, आणि एवढं एक वाक्य तिला सुचलंच नव्हतं. घरात कधी ऐकलेलं असेल तर सुचणार!

टाकेबाईंनी ओठांतल्या टाचण्या एकेक काढून सुयांच्या छोट्या उशीत खोचल्या. पदराला हात पुसले.

"भावोजी, मी बोलते. तुम्ही आता घरी जा. या शुक्रवारी चाळीस कोट द्यायचेत आणि मला माझी खोली पाहिजे. तुम्ही वाईट नाही. खोली एकच आहे."

आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी नाही. शिवण सरळ घालावी तसं बोलणं. काका पडद्याकडे बघत राहिले, मग त्यांच्याकडे, मग पुन्हा पडद्याकडे. कान लाल झाले.

"म्हणजे हा... मी?"

"हो, काका," लेक म्हणाली.

"आणि ते मिठाचं?"

"नाही हो, भावोजी, चहात मीठ कधी घातलं नाही," टाकेबाई म्हणाल्या. "मनात मात्र आलं होतं."

काकांना हसू फुटलं, ते ओशाळं का होईना, पण खरं होतं. "वहिनी, पहिल्याच आठवड्यात बोलायचं ना! मला वाटलं, तुम्हाला सोबत आवडते."

"चुकलंच माझं."

काकांनी स्वतः गादी गुंडाळली आणि संध्याकाळच्या गाडीनं गेले. टाकेबाईंनी पोळीभाजीचा डबा बांधून दिला आणि निघता निघता त्यांच्या बॅगेचा उसवलेला पट्टाही शिवून दिला, चांगला दुहेरी दोऱ्यानं.

नवरा कामावरून आला तो मोकळी खोली बघून दारातच थबकला. "गेला? तू सांगितलंस? अगं, पण बोललीस तरी कशी?"

"तोंडानं," टाकेबाई म्हणाल्या. "आता टेबलाची ती बाजू धरा, आडवं करायचंय."