खंडव्याहून आणलेला निकाल

कोर्टाचा निकाल मी चावडीत उभा राहून मोठ्यानं वाचून दाखवला. बजावणीच्या आधी, आणि ज्यांच्याविरुद्ध तो लागला त्यांच्याच गावात.

निकाल खंडव्याचा. माझी धाकटी बहीण बऱ्हाणपूरला दिलेली. नवऱ्याशी फाटलं, तेव्हा त्यानं चार वर्षांची पोर उचलली आणि चिखलीजवळच्या आपल्या गावी भाऊ-भावजयीकडे नेऊन ठेवली. बहीण कोर्टात गेली. पोर आईच्या ताब्यात द्यावी, असा निकाल झाला. नक्कल हाती पडली आणि माझ्या अंगात साक्षात जजसाहेब संचारले. खंडवा आणि बुलढाणा एके काळी एकाच राज्यात होते, दोघांचीही राजधानी नागपूर. पुढे खंडवा मध्य प्रदेशातच राहिलं, आपण महाराष्ट्रात आलो. पेपर रोज वाचूनही माझ्या डोक्यातला नकाशा जुनाच होता.

फाट्यावर यष्टीतून उतरलो. बहीण म्हणाली, "दादा, मले येऊ दे ना संगं. दुरून पाहीन तिले."

"तू थांब इथंच. चावडीत बायामाणसांचं काय काम? आत्ता आणतो पोरीले."

शेजाऱ्याचा काळा कोट घालून गेलो होतो. निकाल इंग्रजी, त्याला माझा मराठी अर्थ, आणि अर्थाला माझ्या पदरचा मसाला. गाव जमलं. पोलीस पाटलांनी शेवटपर्यंत ऐकलं, कागद उलटसुलट करून शिक्का पाहिला.

"भाऊ, वाचता तं लय झ्याक. पण हा खंडव्याचा हाय. आमाले बुलढाण्याचा हुकूम लागते."

लोक हसले. पोरीचा काका मात्र हसला नाही. सगळं नीट ऐकून निघून गेला. मी त्याच्या मागोमाग घरापर्यंत गेलो. पोर ओसरीवर खेळत होती. मला पाहताच धावली. "मामा, मम्मी कहाँ है?" तोंडात अजून बऱ्हाणपूरचं हिंदी. "फाट्यावर आहे," एवढं म्हणेपर्यंत काकूनं तिला आत ओढून कडी लावली. फाट्यावर मी एकटाच परत आलो. बहिणीनं माझ्या मागं रस्त्याकडे पाहिलं.

बुलढाण्याच्या वकिलांनी कपाळाला हात लावला. "अहो, खंडव्याच्या कोर्टात अर्ज करा. ते कोर्ट निकाल इकडच्या कोर्टाकडे पाठवील, सोबत अंमल झाला नाही असा दाखला. मग इथं दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, मग कोर्टाचा बेलिफ. कागद कोर्टाकडून कोर्टाकडे जातो, मामाच्या पिशवीतून नाही."

"पण साहेब, राज्यं वेगळी झाली नसती तर..."

"तरी तुम्ही कोर्ट झाले नसते."

कागद यायला वेळ लागला. आला, तर पोरीच्या काकानं वकील तयार ठेवलेला. हरकती, तारखा, पुन्हा तारखा. मधल्या काळात पोर तिथल्या शाळेत जाऊ लागल्याचं कानावर आलं. शेवटी बेलिफ निघाला. या वेळी बहिणीला थांब म्हणायची माझी छाती झाली नाही.

काकूचा पदर धरून पोर बाहेर आली. उंच झाली होती. बेलिफ मायाळू माणूस. म्हणाला, "पाह्य बाई, तुही आई आली तुले न्याले."

पोरीनं बहिणीकडे पाहिलं, जसं पाहुणीकडे पाहावं. मग माझ्यावर तिची नजर थांबली आणि ती काकूच्या मागं सरली. "हाच तो पकडून नेणारा मामा! मले नाही जायचं व काकू."

बहीण अंगणात उकिडवी बसली. हात पुढे करून म्हणाली, "बेटा, मैं मम्मी." पोरीला ती भाषाही परकी झाली होती. तिनं पदरात तोंड खुपसलं.

बेलिफनं हळूच विचारलं, "बाई, हुकूम हाय. उचलून देऊ काय?"

बहिणीनं त्या पदराकडे पाहिलं. "नका ओढू," म्हणाली. बेलिफनं तसं लिहून घेतलं, तिनं सही केली. घरातून कुणी तरी पाणी आणून दिलं. तिनं तेही पिऊन घेतलं.

परतीच्या यष्टीत ती खिडकीपाशी बसली. मला गप्प बसणं कधी जमलंय? "पुन्हा अर्ज करू. जरा मोठी झाली की समजंल तिले. तू काहून भेतं? मी हाव ना..."

खिडकीकडचं तोंड न वळवता ती म्हणाली, "दादा, चूप बस. पोर मले नाही भेली, तुले भेली."