जड पाणी

“माय, ते पानी प्याचं नोहे व. नळीतून फिरते, बस. कधीची सांगून राहिली मी.”

“मंग जड कायले म्हनतेत त्याले?” रुख्मानं सूप बाजूला आपटलं.

अंगणात बियाणं निवडणं चाललं होतं. मोठ्या पितळी गंजात मिठाचं पाणी, त्यात धान. मायलेकी दोन बाजूंना. दोन हजार सहाचा जून. सडक अर्जुनीजवळच्या या गावातली ओमेश्वरी टेंभरे केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाली होती, आणि तारापूरच्या अणुवीज केंद्रात ट्रेनिंगला तिची निवड झाली होती. निघायला आठवडा उरलेला, आणि माय नाही म्हणून बसलेली. बाप लखनलाल यानं अंग काढून घेतलं होतं. “तुही माय हो म्हनंल तं मी स्टेशनवर पोचवून देतो,” म्हणाला आणि धानाच्या बांधीवर निघून गेला.

अणूबिणूला रुख्मा भीत नव्हती. हायवेवर ढाबा चालवणारा दीर मुन्नालाल ट्रकवाल्यांच्या गप्पा घेऊन आला होता, “भाभी, उधर आदमी के बाल झड़ जाते हैं.” त्याच्या टकलाकडं बघून ती म्हणाली, “तुमचे तं इथंच बसून झडले, भाऊजी.”

घोळ घातला तो पोरीच्याच तोंडानं. तिथं जड पाणी असतं, त्याच्यावर काम करायला भेटलं तर किती मजा, असं ती हरखून सांगून बसली. आता जड पाणी काय असतं हे रुख्माला कोणी शिकवायची गरज नव्हती. घरची विहीरच जड पाण्याची. तुरीची डाळ सकाळी चढवा, दुपारी दाणा टणकच. साबणाला फेस नाही. सासू मुतखड्यानं तळमळून गेली ती याच पाण्यापायी, असं रुख्मा धरून होती. म्हणून लग्न झाल्यापासून ती बोडीच्या तळ्याजवळच्या विहिरीचं पाणी डोक्यावरून आणत होती. ज्या पाण्यापासून पोरीला जपलं, त्याच पाण्यावर तिला धाडायचं?

गंमत अशी की ओमेश्वरीला केमिस्ट्रीचा नाद लावला तो या विहिरीनंच. कॉलेजात मास्तरांनी घरचं पाणी आणायला सांगितलं, तशी ही बाटली भरून सौंदडहून पॅसेंजरनं गोंदियाला गेली. तपासलं तर पाण्यात चुनाच चुना. घरी येऊन सांगितलं, तर माय म्हणाली, “मंग पान लावून खाय.” तरी तिचा नाद काही सुटला नाही. केमिस्ट्री शिकून मास्तरीण व्हायचं, एवढंच तिला ठाऊक होतं. शेवटच्या वर्षी, आधीच पास होऊन गेलेल्या एका पोरीनं सांगितलं, अणुवीज केंद्रातबी केमिस्ट्रीवाले लागतेत. तिथलं पाणी बिघडलं तर नळ्या गंजतात, म्हणून पाण्यावर पहारा ठेवायला माणसं लागतात. तेव्हापासून हिच्या डोक्यात दुसरं काही शिरलंच नाही.

“एकच सांग,” रुख्मा म्हणाली, “त्या पान्यात डार शिजते का?”

ओमेश्वरीला हसू फुटत होतं, पण तिनं गिळलं. हसली असती तर तारापूर तिथंच आटोपलं असतं.

“शिजंल. चुन्याचा कन नसते त्याच्यात.”

“मंग जड कायचं?”

ओमेश्वरीनं गंजात हात घातला. वर तरंगलेला एक दाणा घेतला, तळातला एक घेतला, आणि दोन्ही मायच्या हातावर ठेवले.

“हे बी धान, हे बी धान. फोतर सारखं, रंग सारखा. मंग हे काऊन बुडते?”

“भरला हाय म्हनून.”

“तसंच त्याचं हाय. आपल्या पान्यात बी हजारोत एखादा दाना भरला असते. ते तेवढे येगळे काढतेत. त्यालेच जड पानी म्हनतेत.”

“अन् तू काय करशीन थ्या जागी?”

“त्याच्यात साधं पानी मिसळलं का, ते पाहीन. जास्त मिसळलं तं अणूची भट्टी चालत नाही.”

रुख्मानं दोन्ही दाणे बोटांनी चोळून पाहिले.

“म्हंजे पोचट काढाचं,” ती म्हणाली. “हे तं माह्यंच काम हाय. त्याच्यासाठी येवढ्या दूर?”

ओमेश्वरीनं मान डोलावली.

“जाय मंग,” रुख्मा म्हणाली. “पर प्याचं पानी कोनतं अन् थे कोनतं, पह्यले इचारून घेजो.”

पुढं ट्रेनिंग झालं, केंद्राच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली, आणि ओमेश्वरी रजेवर आली की गावातल्या पोरी केमिस्ट्रीचं विचारायला अंगणात बसू लागल्या. पण ते सगळं मागून. त्या सकाळी रुख्मा एवढंच म्हणाली, “पाहून काय राहिली? ऊन चढून राहिलं.” ओमेश्वरीनं चाळणी घेतली, गंजावर वाकली आणि वर आलेलं पोचट काढायला लागली.