आमच्या घरातलं हर्नियाचं ऑपरेशन

ज्या गोष्टीबद्दल घरात कुणी बोलत नाही, तिच्याभोवती किस्से मात्र साचत जातात. आमच्या शहाडच्या घरात असे बरेच साचलेत. हसण्यासारखे आहेत, फक्त हसायला सोबत कुणी नसतं.

*

मी सात वर्षांचा असताना कल्याणला माझं ऑपरेशन झालेलं. आईनं आळीभर सांगितलं, "हर्निया होता." बस्स! शाळेत पीटीचे सर मला बघितलं की ओरडायचे, "ए हर्निया, तू सावलीत बस!"

दहावीपर्यंत मी सावलीतच बसलो. पोरं कबड्डी खेळायची आणि मी सगळ्यांच्या चपला सांभाळायचो.

*

लग्नानंतर बायकोला, स्मिताला, जांघेतले दोन्ही बाजूंचे व्रण दिसले. ती डोंबिवलीची, फटकळ. "दोन-दोन हर्निया?"

"आम्ही आगरी. आमच्याकडे सगळं डबल असतं!"

खूप हसलेलो आम्ही. पुढे चार वर्षं मूल झालं नाही. सगळ्या टेस्ट तिच्याच झाल्या, सगळ्या नॉर्मल आल्या. मग हसणं कमी झालं.

*

शेवटी ठाण्याच्या एका डॉक्टरांनी मलाही तपासलं. रिपोर्ट बघून म्हणाले, "हर्निया कुणी सांगितलं? लहानपणी तुमचे अंडकोष पोटातून खाली उतरलेच नव्हते. ऑपरेशन करून उतरवलेत, पण उशिरा. शुक्राणू आहेत, फार कमी आहेत."

वय वर्षं चौतीस, आणि माझीच गोष्ट मला परक्या माणसाकडून कळत होती!

घरी आलो. आई कोलंबी सोलत बसलेली.

"आई, माझं ऑपरेशन कसलं होतं?"

"हर्नियाचं."

"डॉक्टर वेगळंच सांगतात."

"तो होता का तेव्हा तिथं? मी होते!"

आणि पाठ फिरवून ती कोलंबी धुवायला लागली. बराच वेळ धूत होती.

*

पुढच्या टेस्टचं सॅम्पल घरीच घेऊन तासाभरात लॅबला पोचवायचं होतं. गार पडू नये म्हणून अंगाशी धरून. डबी शर्टाच्या आत ठेवली, गाडी काढली, तर गेटवर शेजारचे मोरेकाका! "कल्याण स्टेशनला सोड रे." मी हो म्हणेपर्यंत दार उघडून बसलेसुद्धा.

रस्ताभर नातवाचे व्हिडिओ. "तुमचं कधी? उशीर नका लावू!"

"घाईतच आहे काका," मी म्हटलं.

काका इतके हसले, इतके हसले! ते उतरून गेल्यावर मी काच वर केली आणि मागचे हॉर्न वाजवेपर्यंत तिथंच बसून राहिलो.

*

एकदा न राहवून नित्याला सांगितलं. शाळेपासूनचा दोस्त. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे क्रिकेट खेळताना तुला गार्डची गरजच नव्हती की रे!"

मीपण हसलो. पण त्या दिवसापासून तो माझ्यासमोर त्याच्या पोरीचं नाव काढेना. तिच्या वाढदिवसाचे फोटो मी त्याच्या स्टेटसला बघितले. सगळा ग्रुप होता.

*

टेस्ट ट्यूबचा पहिला प्रयत्न फसला. स्मिता थोडे दिवस माहेरी गेलेली. डॉक्टरांकडे मी एकटाच निघालो, तर बाबा चपला घालून दारात उभे. "मी येतो."

बाबा सत्तरीचे, जुने शेतकरी. या विषयावर आजवर एक शब्द बोललेले नव्हते. डॉक्टरांनी मला सगळं समजावलं, तेव्हा गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत बसले.

मग घसा खाकरला. "साहेब, पोराला बापाची किडनी चालते ना?"

"चालते, जुळली तर."

"मग ह्यातला पन एक माझा काढा नि याला बसवा. या वयात मना काय करायचा हाय त्याचा?"

डॉक्टर हसले नाहीत. मीही नाही.

बाबा उठून उभे राहिलेले, लेंग्याच्या नाडीला हात घालून!