मीनाक्षीचं चौथं प्रकरण

हॉस्पिटलमधल्या शेवटच्या दुपारी मीनाक्षी एवढंच म्हणाली, "चौथं प्रकरण काढू नकोस रे." मी "हो गं, हो" म्हणालो... आजारी माणसाला म्हणतात तसं.

मीनाक्षी, माझी बायको, हायडेलबर्गला मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या एका आद्य धर्मगुरूवर पीएचडी करत होती. अमेरिकेतला जुना माणूस. प्रवचनं, पत्रं, रोजनिशीच्या वह्याच वह्या. नाशिकची बाई जर्मनीत बसून याच्यामागे का लागली, हे मला कुणाला धड सांगता आलं नाही, कारण मी तिला कधी विचारलंच नाही. पहिली तीन प्रकरणं त्याच्या शिकवणुकीवर होती. चौथं त्याच्या अनेक बायकांवर. परीक्षक म्हणाले, ते पूर्ण करा, नाहीतर काढून टाका. आमच्या बाईसाहेब त्या बायकांची पत्रं शोधत बसल्या.

तिची तोंडी परीक्षा झाली त्याच दिवशी मी दीडशहाण्यासारखा भारतात माझ्या आईला फोन केला होता. आईनं पेढे वाटले, दारावर 'डॉ. मीनाक्षी' अशी पाटीही लावली. जर्मनीत मात्र प्रबंध छापून ग्रंथालयात जमा केल्याशिवाय नावाला डॉक्टर लावता येत नाही. "छापून टाक ना, कोण वाचणार आहे?" मी दर रविवारी तिच्या मागे लागायचो. "आल्झो, मग तू तरी वाच," ती तिकडच्या सवयीनं म्हणायची. मी वाचलं नाही. मग तिचं दुखणं निघालं आणि चौथं प्रकरण अर्ध्यावर राहिलं.

ती गेल्यावर तिच्या प्राध्यापक बाई घरी आल्या. तीन प्रकरणं छापायला वारस म्हणून सही दिलीत तर विद्यापीठ पदवी देईल, म्हणाल्या. त्याच संध्याकाळी आईचा फोन आला. "अरे, पाटीवरचं खोटं ठरू देऊ नकोस पोरीचं." मी सही केली. मोठ्या उदार मनानं!

मागच्या आठवड्यात पुस्तक आलं, पाठोपाठ पदवीचा कागद. आई फोनवर रडली. मला स्वतःची शिसारी आली. मग मीनाक्षीच्या टेबलाच्या खणातून ती काढलेली पानं घेतली आणि पहिल्यांदा वाचली. हा महापुरुष गाडीचे बैल कुठे पाणी प्यायले ते रोजनिशीत लिहितो, आणि बायको गेली त्या दिवशी तिचं नावही लिहीत नाही, असं तिनं चिडून लिहिलंय. पुढे एकेकीचं नाव, गाव, मुलं... शेवटचं वाक्य अर्धंच आहे.

त्यानं त्यांना निदान स्वतःच्या वहीतून गाळलं होतं. मी गाळलं ते तिच्या पुस्तकातून, आणि वर नाव तिचं आहे.