बोटभर जागा

"आधीच सांगून राहिलो, भिंतीपाशी बोटभर जागा सोडीन."

कुणाच्याही घरात शिरल्यावर आमच्या मिस्त्रींचं हे पहिलं वाक्य असायचं, तेही भिंतीकडे बघून. घरमालकाच्या तोंडाकडे बघायची त्यांची छाती नव्हती.

माझं पांढुर्ण्यात प्लायवूड आणि फ्लोअरिंगचं दुकान आहे. जिल्हा झाल्यावर इथे नवी घरं वाढली आणि सगळ्यांना एकदम लाकडी फरशीची हौस आली. ही फरशी जमिनीला चिकटवत नाहीत. खाली फोम अंथरायचा आणि पट्ट्या एकमेकींत अडकवत जायचं. लाकडाची असल्यामुळे ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि कडेला जागा नसली की वर उठते. एवढी साधी गोष्ट घरमालकाला पटवताना घशाला कोरड पडते. एका बाईंनी पलंग हलवू दिला नाही, म्हणाल्या, पलंगाच्या भोवतीनं टाका. एकानं फरशी दबते म्हणून तिला खिळे ठोकले आणि वर दुकानात येऊन आमचाच उद्धार केला. तुम्ही घर बांधलं असेल तर तुम्हीही कुणा मिस्त्रीला छळलंच असेल, नाही म्हणू नका.

आमचे मिस्त्री सगळ्यांना "हाव जी" म्हणत. फक्त एक खोड होती. कामाला बसण्याआधी ते हत्यारांची पिशवी उघड्या दाराला टेकवून ठेवत. दार लागलं की त्यांचा हात थांबायचा. मी चिडवायचो, "मिस्त्री, पळून जायची तयारी काय?" ते हसून घ्यायचे.

एकदा चहा पिताना त्यांनी आपणहून सांगितलं. नागपुरात एका घरमालकानं, फरशी वाजते म्हणून, त्यांना खोलीत घालून बाहेरून कडी लावली होती. "आवाज बंद होईस्तोवर बाहेर येऊ नको म्हने. सकाळची संध्याकाळ झाली, दादा. पानी भी नाई देलं."

त्यानंतर मी चिडवणं सोडलं.

सौंसरला एक बागवाले साहेब होते. संत्र्याच्या मोठ्या बागा, आणि आवाज असा की फोन कानापासून लांब धरावा लागे. त्यांना कडेला फट नको होती, फट झाकणारी पट्टीही नको होती. "फटीतून झुरळं निंगतात. एकदम भिंतीले भिडव." मिस्त्रींनी नाही म्हटलं. मान खाली घालून, पण तीनदा नाही म्हटलं. मग साहेबांनी मला फोन लावला.

त्यांच्या ओळखीतून आणखी तीन घरांचं काम येणार होतं. आणि खरं सांगायचं तर मीही त्यांना टरकून होतो. मी म्हणालो, फोन मिस्त्रींना द्या.

"ते म्हणतात तसं करून टाका."

"फरशी उठन दादा."

"उठली तर पाहू. करा तुम्ही."

मग, "हाव जी."

श्रावण लागला तसे मिस्त्री रोज सकाळी दुकानात येऊन विचारू लागले, सौंसरहून फोन आला का. नाही म्हटलं की त्यांचा चेहरा आणखी उतरायचा. "उठली तं असनच. फोन नाई आला म्हनूनच भेव लागून राहिलं. आजीच्या खोलीचं दार भिडवल्या बाजूलेच हाय." आजी म्हणजे साहेबांच्या आई. ऐंशीच्या पुढच्या, खुब्याचं ऑपरेशन झालेलं, वॉकर धरून चालणाऱ्या. पाचव्या की सहाव्या दिवशी मिस्त्री पिशवी घेऊन बसस्टँडकडे निघाले. मला राहवलं नाही, मी गाडी काढली.

दार सुनेनं उघडलं. साहेब मोहगावकडच्या बागेत गेले होते. हॉलमधली फरशी पोळीसारखी फुगली होती आणि फुगा बरोबर आजींच्या दारासमोर होता. आजी वॉकर घट्ट धरून आत उभ्या होत्या.

सून हळूच म्हणाली, "चार दिवस झाले, बाहेर नाई आल्या. परवा निंगाले गेल्या तं तोल गेला, म्या धरलं म्हनून वाचल्या. हे म्हनतात, कोनाले बोलवाचं नाई."

आपल्याच हट्टानं फरशी उठली हे चारचौघांत कळू नये, म्हणून.

मिस्त्री दाराला पिशवी लावून बसले आणि भिंतीलगतची बोटभर फरशी कटरनं कापू लागले. अर्धी भिंत झाली असेल, साहेब आले. त्यांनी पायानं पिशवी सारली, दार लावलं आणि कडी घातली.

"कोनाले इचारून कापून राहिला?"

मिस्त्रींचं कटर थांबलं. त्यांनी कडीकडे पाहिलं. पण ते उठले नाहीत.

"साहेब, आजीले आधी निंगू द्या. मंग मले कोंडा."

साहेबांनी आईकडे पाहिलं. कटर परत सुरू झालं. कडेची शेवटची चिरफळी निघाली तेव्हा फरशी कडकड वाजली आणि हळूहळू खाली बसली. मिस्त्रींनी स्वतः तिच्यावर दोनदा चालून पाहिलं, मग म्हणाले, "या, आजी." आजी एकेक पाऊल टाकत हॉलमध्ये आल्या आणि खुर्चीत बसून रडल्या.

मग साहेब मिस्त्रींवर उखडले. "आमाले यातलं काय समजते? जागा लागते तर तू भिडवली कायले?"

मिस्त्रींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी कटरची वायर गुंडाळत होतो.

"चुकलं, साहेब," ते म्हणाले.

परत येताना त्यांनी मला एका शब्दानं विचारलं नाही. "आजी निंगली, दादा," एवढंच दोनतीनदा म्हणाले. सौंसरमध्ये त्यांना पुन्हा कुणी बोलावलं नाही.

गेल्या हिवाळ्यात मिस्त्री गेले. हृदयविकार. पुण्यानुमोदनाच्या दिवशी, बुद्धवंदना झाल्यावर, लोक एकेक आठवण सांगत होते. सौंसरचे साहेबही आले होते, खरोखर वाईट वाटलेला चेहरा घेऊन. म्हणाले, "मानूस लाख होता. कामात मातर कच्चा."

मिस्त्रींची बायको माझ्याकडे बघू लागली. त्यांचं काम माझ्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. साहेबही माझ्याकडेच बघत होते.

मी साहेबांकडे बघून मान डोलावली.