बिया काढलेलं सीताफळ

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार माझ्या थोरल्या बहिणीचे आहेत. तिला आम्ही आक्का म्हणतो. आई-बाप ऊसतोडीला कारखान्यावर गेले की गावात आम्ही दोघंच उरायचो. माझी शाळा बुडू नये म्हणून मला मागे ठेवायचे आणि मला भाकरी करून घालायला आक्काला. त्यात चौथीतच तिची शाळा सुटली. मी घरातला पहिला पदवीधर झालो.

बापाचं पिणं तिनं जवळून पाहिलं होतं. मी कॉलेजसाठी बीडला निघालो, त्या दिवशी जेवताना तिनं मला थांबवलं. म्हणाली, "अन्नावर हात ठिवून सांग, दारूला शिवणार न्हाई." मी ताटावर हात ठेवून सांगितलं.

गेल्या वर्षी, सीताफळांच्या दिवसांत, ऑफिसातल्या आम्ही चौघांनी संभाजीनगरहून एका दिवसाची सहल काढली. नाशिकला सगळेच जातात, आपण जवळच्या लहान वायनरी बघू, असं साहेबांचं म्हणणं पडलं. मी त्या बाजूचा, म्हणून वाट दाखवायला पुढच्या सीटवर बसलो. गोदावरीचा पूल ओलांडला तसा मागून एक सहकारी म्हणाला, "तुमच्या जिल्ह्यात वाईन? आम्हाला वाटलं, तिथून नुसते कोयतेच बाहेर पडतात."

सगळ्यांच्या आधी मी हसलो. माझ्या आई-बापानं जन्मभर कोयता चालवला, हे मी ऑफिसात कधी बोललो नव्हतो.

गेवराईजवळची पहिली वायनरी द्राक्षांची होती. एक पत्र्याची शेड, स्टीलच्या चार टाक्या, आणि ग्लास स्वतःच विसळून देणारा मालक. मी पित्ताचं कारण सांगून सुटलो. "पित्ताची भीती की बायकोची?" असं साहेबांनी विचारून घेतलं.

दुसरी बीडच्या पुढे, डोंगरात. तिथे सीताफळाची वाईन करत. मालक मोठा बोलका. "ही दारू न्हाईच साहेब. फळाचा रस हाय, जरा जास्त दिवस ठिवलेला," असं म्हणत त्यानं माझ्याही हातात ग्लास दिला आणि आम्हाला मागच्या शेडमध्ये नेलं. तिथे बायका दोन ओळींत बसून पिकलेली सीताफळं फोडत होत्या, चमच्यानं गर काढून पातेल्यात टाकत होत्या. ओळीच्या शेवटी आक्का होती.

ती फोनवर म्हणाली होती, "पिशवी काढल्यापासून उसाची मोळी उचलवत न्हाई. आता रसाच्या कंपनीत जाते. बसून काम हाय." कुठली कंपनी, हे मी विचारलंही नव्हतं.

तिनं वर पाहिलं. आधी माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या ग्लासाकडे. मग पदर पुढे ओढून मान खाली घातली.

"ओ बाई, पाव्हण्यांना फळं द्या की," मालक तिला म्हणाला.

ती बराच वेळ आमच्याकडे पाठ करून बसली. मग चार बशा घेऊन आली. माझी बशी शेवटी दिली.

"घ्या, साहेब."

आयुष्यात तिनं मला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. तिथल्या तिथे मी 'आक्का' म्हणायला हवं होतं. एवढाच एक शब्द. मी म्हणालो, "धन्यवाद, बाई."

बाकीचे बिया थुंकत खात होते. सहकाऱ्यानं माझ्या बशीत डोकावलं. "तुमच्यात एकही बी कशी नाही हो? कुणी ओळखीचं आहे की काय?"

"नशीब आपलं," मी म्हणालो. पुन्हा हशा झाला. तेवढ्यात साहेबांनी ग्लास उंच धरला. मी माझा रिकामा केला. तोपर्यंत आक्का जागेवर जाऊन बसली होती. तिथून सगळं दिसत होतं.

त्यानंतर तिनं माझा फोन उचलला नाही. शेवटी मी हे पत्र पाठवलं.

आक्का,

हे तुला तुझी पोरगी वाचून दाखवील, म्हणून अक्षर मोठं काढलंय. तिच्यासमोर सगळं लिहायची लाज वाटते, पण तुझ्यापर्यंत पोचायला दुसरी वाट राहिली नाही.

मी तुला ओळखलं होतं. दारातूनच ओळखलं होतं. तू 'साहेब' म्हणालीस ते माझी अब्रू राखायला, हे मला कळलं, आणि कळूनही मी ती राखून घेतली. अन्नावर हात ठेवून दिलेला शब्दही तुझ्यादेखत मोडला.

सोमवारी ऑफिसात सांगायचं ठरवून गेलो होतो, की ती माझी बहीण. दुपारी डबे उघडले, सहलीचा विषयही निघाला. मी जेवत राहिलो. अजून सांगितलेलं नाही. सांगीन असं आता लिहीत नाही, कारण माझा मलाच भरवसा उरलेला नाही.

भाऊबीजेला कुठल्या तोंडानं येऊ, तूच सांग. न सांगितलंस तरी मला समजेल.

लहानपणी बी घशात अडकेल म्हणून तू मला बिया काढून गर द्यायचीस. परवाही सगळ्या काढल्या होत्यास. दाताखाली एकसुद्धा आली नाही.

तुझा धाकटा